बिऱ्हाडाची बॅटरी

तिघऱ्याच्या धरणावर पाणी तपासणारी लाँच आहे,
तिचं बिऱ्हाड लहानच:
केबिनातला बल्ब, तळाचं पाणी उपसणारा पंप,
खोली सांगणारं यंत्र,
नमुन्यांच्या बाटल्या गार ठेवणारी पेटी.
इंजिनाची बॅटरी वेगळी, तिची तक्रार नाही.
मला बोलावलं ते बिऱ्हाडासाठी.

फळीखालून शिशाच्या दोन काढल्या,
एकेक तीस किलो.
हरप्रसाद बाथम एका टोकाला, मी दुसऱ्या,
मध्ये धक्क्याची शेवाळलेली पायरी.
"जपून," तो म्हणाला. मला नव्हे, बॅटरीला.
सात वर्षं त्यानं यांना पाणी पाजलंय,
दर अमावस्येला, डिस्टिल्ड, नरसाळ्यानं,
आणि त्याच्या प्रत्येक सदऱ्याला पोटाजवळ
जाळीदार भोकं आहेत
त्यांच्या आंबट श्वासाची.

नवी मी एका हातानं आणली.
बारा किलो. निळी. झाकण उघडत नाही.
"पाणी कुठून घालायचं?"
घालायचं नाही.
"मग हिची सेवा काय?"
मी नट आवळत राहिले.

ही अधाशी आहे, एवढं सांगितलं.
शिसं पोट भरत आलं की हात आखडतं घ्यायचं,
ही शेवटच्या पंगतीलाही "वाढा" म्हणते,
वाढता वाढता अल्टरनेटर जळेल.
म्हणून मध्ये हा चार्जर, वाढपी,
तीस अँपियर, वर शितभर नाही.
आणि हा फ्यूज, पॉझिटिव्हपासून वीतभर, याला हात लावू नकोस.
जिन्सी रोडवरच्या माझ्या दुकानात हे सांगितलं
की गिऱ्हाईक रस्त्याकडं बघतं.
हरप्रसाद ऐकत होता.
त्याची शंका दुसरीच होती.

अंधार पडल्यावर बल्ब लावला, जुनाच, तारेचा.
पंप चालवला, पेटी चालवली.
तासाभरानं बल्ब तेवढाच.
तीन तासांनी तेवढाच.
"जे पीरी नईं परत का?"

पिवळी नाही पडत ही, काका.

जुन्या सांगायच्या.
आधी उजेड ताकासारखा पातळ,
मग हळदीच्या पाण्यासारखा,
मग तव्याखालच्या निखाऱ्यासारखा,
तोवर यानं लाँच वळवलेली असायची,
निखारा विझता विझता
पायाखाली धक्का.
इथं मीटरवर तेरा पॉइंट दोन.
पुन्हा बघितलं, तेरा पॉइंट दोन.
जवळजवळ शेवटच्या घोटापर्यंत असंच,
मग आतला पहारेकरी दार लावून घेतो.
खट्.
भर पाण्यात, न सांगता.

टक्के दाखवणारा स्क्रीन आहे की, मी म्हणाले.
त्यानं डाव्या डोळ्यावरचा मोतीबिंदू दाखवला,
उजव्याचं काही बोलला नाही.

रविवारी परत गेले,
खिशात एक रिले आणि कुठल्याशा जुन्या ट्रॅक्टरच्या
डॅशबोर्डातला पिवळा दिवा.
वीस टक्के उरले की लागेल.
सुकाणूच्या वर बसवला, बिल केलं नाही,
कारण पावतीवर काय लिहायचं ते सुचेना.

जुन्या दोन्ही हजीऱ्याच्या भंगारवाल्यानं नेल्या.
किलोवर मोजल्या.
शिशाला मरणोत्तर भाव असतो.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती:
अठ्ठेचाळीस किलो उतरले
आणि लाँच दुसऱ्या कुशीवर झोपली.
सात वर्षांची शेवाळरेघ एका बाजूला
तळहातभर वर, उघडी, वाळत.
हरप्रसादनं खाणीतला एक दगड आणला,
आपल्या ग्वाल्हेरचा, फिकट, वाळूचा,
आणि फळीखाली, जिथं त्या असायच्या,
तिथं बसवला.
नाव सरळ झाली.

महिन्यानं तपासणीला गेले.
नट घट्ट. चार्जर कोमट, हवा तेवढाच.
पंप उत्तम, तळ कोरडा ठणठणीत.
दगड मात्र ओला होता,
वरून, मधोमध, नरसाळ्याच्या तोंडाएवढा.
आदल्या रात्री अमावस्या होती.
मी फळी परत लावली.